हिमालयाचे दप्तर

परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाचा दिल्लीतील पूर्वज कोण, असे कोणी आम्हांस विचारले, तर आम्ही हिंगण्यांचे नाव घेऊ. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून ह्या घराण्यातील माणसे दिल्लीस राहिली आणि दरबारची खबर पुण्यास लिहून पाठवीत राहिली. आज बदलीच्या हुकमाने येथे येऊन पडलेल्या आपल्यासारख्यांना त्या पत्रव्यवहारात ओळखीचे पुष्कळ सापडते: धन्याचा उशिरा येणारा जबाब, खर्चाची ओढ, आणि वर्षानुवर्षे राहूनही परके वाटणारे हवापाणी. राजवाडे, पारसनीस, सरदेसाई ह्यांनी आयुष्ये वेचून असे कागद उजेडात आणले, म्हणून दिल्लीच्या त्या काळाविषयी आपण काही खात्रीने बोलू शकतो.

परंतु कागद लिहिणारा माणूस असतो आणि माणूस धन्याच्या तोंडाकडे पाहून लिहितो. विजय फुगवून सांगितला जातो, दुष्काळ दोन ओळींत आटोपतो, आणि चुलीतून व भट्टीतून आभाळात गेलेल्या धुराची नोंद तर कोणत्याही वकिलाने, वाकेनविसाने वा कारकुनाने केलेली नाही. ती नोंद ज्या एका दप्तरात झाली, ते दिल्लीच्या उत्तरेस आणि पूर्वेस, हिमालयाच्या माथ्यावर आहे. त्याची पाने बर्फाची, शाई हवेतील वायूंची आणि धुळीची. ते कसे लिहिले जाते, त्यात आपल्या ओळखीच्या काळाविषयी काय सापडले आणि त्याची आज काय अवस्था आहे, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

दिल्लीला बर्फ परका नव्हता. अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त बादशाही आबदारखान्याचे वर्णन केले आहे. आधी शोरा विरघळवून त्याच्या योगाने पाणी गार करीत. पुढे अकबराचा मुक्काम पंजाबात हलला, तेव्हा लाहोरपासून सुमारे ४५ कोसांवरच्या डोंगरांतून बर्फ आणि हिम खुष्कीने व जलमार्गाने येऊ लागले. अठराव्या शतकात अलाहाबादेस थंडीच्या रात्री मातीच्या उथळ परळांत पाणी उघड्यावर ठेवून त्याचा बर्फ करीत व तो उन्हाळ्यासाठी खड्ड्यांत पुरून ठेवीत. सर रॉबर्ट बार्करने ही रीत १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविली. ह्या सर्व व्यवहारात बर्फ ही चैनीची वस्तू होती आणि ती निर्मळ असते, हे गृहीतच होते. आपल्या काव्यातही हिमालयाची शुभ्रता आणि शुचिता ही जोडी कधी फुटली नाही. जे पांढरे ते स्वच्छ, ही समजूत मोडली ती रसायनशास्त्राने, आणि तीही अगदी अलीकडे.

बर्फ हा घट्ट मिटलेला, कोणाशी देणेघेणे नसलेला पदार्थ दिसतो, पण तो तसा नाही. मायकेल फॅरडेने १८५०च्या सुमारास दाखविले की, बर्फाचे दोन तुकडे एकमेकांस टेकविले तर ते आपोआप जुळतात. त्यावरून त्याने तर्क केला की, गोठणबिंदूच्या खालीसुद्धा बर्फाच्या पृष्ठावर द्रवासारखा एक अतिसूक्ष्म थर असतो. त्याच्या समकालीनांना हे सहजी पटले नाही. विसाव्या शतकातील उपकरणांनी तो थर प्रत्यक्ष तपासला आणि फॅरडेचे म्हणणे खरे ठरले. थंडी जितकी कडक तितका हा थर पातळ, आणि शून्य अंशाजवळ तो जाड होत जातो. हवेतील वायूंचा बर्फाशी जो काही व्यवहार होतो, तो बहुतांशी ह्या उंबरठ्यावर होतो.

तो व्यवहार सर्व वायूंशी सारखा नसतो. नायट्रिक आम्लाची वाफ आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू बर्फाला पाहताच चिकटतात. सल्फर डायऑक्साइड, म्हणजे दगडी कोळसा जळताना त्यातील गंधकापासून होणारा वायू, एकटा आला तर त्या ओल्या थरात थोडाच विरतो आणि सहज परतही जातो. परंतु त्याच थरात हवेतून आलेला हायड्रोजन पेरॉक्साइड असला, की दोहोंचा संयोग होऊन सल्फ्यूरिक आम्ल बनते, आणि मग त्याला परतीची वाट राहत नाही. अमोनिया आम्लाच्या सोबतीने उतरतो. पुष्कळसा मजकूर तर हिमकण जमिनीवर पडण्यापूर्वीच ढगात लिहिलेला असतो, कारण पडता पडता हिम हवेतील कण व वायू झाडून घेऊन येते. आणखी एक विशेष असा की, पाणी गोठताना त्याच्या स्फटिकाची रचना बहुतेक परक्या द्रव्यांना आत घेत नाही. ती कणाकणांमधल्या फटींत ढकलली जातात आणि तेथे इतकी दाट होतात की, साध्या पाण्यात रेंगाळणाऱ्या काही प्रक्रिया गोठताना उलट वेग घेतात. थंडीने सारे व्यवहार मंदावतात, ह्या नियमाला हा चमत्कारिक अपवाद आहे.

बर्फाच्या ह्या कर्तबगारीचा सर्वांत मोठा पुरावा दक्षिण ध्रुवावर मिळाला. १९८५ साली जोसेफ फार्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनचा वसंतातील ऱ्हास जाहीर केला. शीतयंत्रांतून व फवाऱ्यांतून सुटलेले क्लोरीनयुक्त वायू त्याला कारण, हे तर्काने ठरत होते. पण ती नासाडी तेथेच आणि इतक्या झपाट्याने का व्हावी, ह्याचे उत्तर ध्रुवीय ढगांतील बर्फकणांत होते. त्यांच्या पृष्ठावर क्लोरीनची निरुपद्रवी संयुगे एकमेकांशी भिडून जागा होणारा क्लोरीन मोकळा करतात, आणि सूर्य उगवताच तो ओझोनचा फडशा पाडतो. सूझन सॉलोमन आणि मारिओ मोलिना ह्यांच्या संशोधनाने हे उलगडले. त्यामुळे बर्फाला वायूंची निव्वळ साठवण समजणे चुकीचे ठरले. तो त्यांचा कारखानाही आहे.

आता दप्तराकडे वळू. उंच पर्वतावर हिमाचे थर वर्षावर वर्ष साचतात, खालचा थर वरच्याच्या ओझ्याने दाबला जाऊन त्याचा बर्फ होतो, आणि प्रत्येक वर्षाचे पान खालच्या पानावर बसते. कोरड्या ऋतूत धूळ अधिक, पावसाळ्याच्या हिमात कमी. ह्या आवर्तनावरून वर्षे मोजता येतात. मात्र वाचणाऱ्याने शाईची जात ओळखावी लागते. सल्फेट टिकते. नायट्रेटवर ऊन पडले की त्याचा काही भाग पुन्हा नायट्रोजनचे ऑक्साइड होऊन हवेत उडतो. ग्रीनलंडच्या हिमातून असे वायू बाहेर पडताना १९९०च्या दशकाच्या अखेरीस मोजले गेले आहेत. शिवाय हिम वितळू लागले की क्षार आधी वाहतात: वितळणाऱ्या पाण्याच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात निम्म्याहून अधिक आम्ल व क्षार निघून जातात, असे नॉर्वेतील निरीक्षण आहे. वसंतात तेथील ओढ्यांत मासे एकाएकी मरत, त्याचे कारण हेच होते. ओल लागलेल्या कागदावरची शाई पसरावी, तसे वितळलेल्या बर्फाचे होते. म्हणून वाचनासाठी असा माथा शोधावा लागतो, की जेथे बर्फ जवळजवळ कधीच वितळत नाही.

असा एक माथा तिबेटात, नेपाळच्या सरहद्दीलगत, शिशापांगमा पर्वतावर आहे. त्याच्या दासुओपु हिमनदीवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७,२०० मीटर उंचीवर, १९९७ साली लॉनी थॉम्पसन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने चिनी सहकाऱ्यांसह बर्फाचे दीडशे मीटरांहून लांब स्तंभ छिद्र पाडून काढले. त्यांच्या वाचनाचा पहिला मोठा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध झाला. मराठ्यांच्या इतिहासाशी ज्याचा परिचय आहे, त्याला तो वाचताना राहवणार नाही.

त्या स्तंभात १७९० ते १७९६ ह्या वर्षांचे थर धुळीने आणि क्लोराइडाने माखलेले निघाले. त्याचा अर्थ लागोपाठ काही वर्षे मोसमी पाऊस हटला आणि कोरड्या मैदानांवरची माती वाऱ्याने वर नेली. हीच ती वर्षे, ज्यांत दक्षिणेत एवढी माणसे मेली की त्या दुष्काळाला 'कवट्यांचा दुष्काळ' असे नाव पडले. ह्याच सुमारास दिल्लीची सूत्रे महादजी शिंद्यांच्या हाती होती. गुलाम कादिराने शहाआलमचे डोळे काढल्यावर १७८८ साली शिंद्यांच्या फौजांनी दिल्ली परत घेतली होती. १७९२ साली महादजी पुण्यास गेले आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीस वारले. फर्मानवाडीचा थाट, नाना फडणिसांशी झालेली रस्सीखेच, हे सर्व बखरींत आणि पत्रांत विस्ताराने आले आहे. परंतु त्या वर्षांत आभाळ कसे होते, हे सांगणारे अखंड, वर्षवार साधन ह्या बर्फातच आहे. शिंदे आणि होळकर ह्यांच्या वैराची कारणे शोधणाऱ्याने आटलेला वसूल आणि ओस पडलेली खेडी ह्यांचाही हिशेब घ्यावा, असे तो कोणताही पक्ष न घेता सुचवितो.

ह्याच्या किंचित आधी उत्तरेत 'चालिसा' झाला होता. विक्रम संवत १८४०, म्हणजे १७८३-८४ ह्या काळातील हा दुष्काळ दिल्लीच्या आसपासचा मुलूख उजाड करून गेला. जून १७८३ मध्ये तिकडे आइसलंडात लाकी येथील भूमी फाटून लाव्हारस वाहू लागला. पुढील आठ महिन्यांत तेथून सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. त्याच्या सल्फेटाची रेघ ग्रीनलंडच्या बर्फात ठळक उमटली आहे. त्या वायूमुळे उत्तर गोलार्धातील जमीन थंडावून मोसमी वारे दुबळे झाले असावेत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. त्यांच्या गणिती प्रतिमांत आफ्रिका व हिंदुस्थान येथील पाऊस घटलेला दिसतो. गंधकाच्या एका वायूचे हात केवढे लांब असू शकतात, हे त्यावरून ध्यानी यावे.

दासुओपुच्या त्याच बर्फाची पुन्हा एकदा, धातूंच्या सूक्ष्म अंशांसाठी, तपासणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. सुमारे १७८०पासूनच्या थरांत कॅडमियम, क्रोमियम, निकेल, जस्त इत्यादी धातू स्वाभाविक प्रमाणाहून अधिक आढळले. त्यांचे मूळ, संशोधकांच्या मते, मुख्यतः पश्चिम युरोपात जळू लागलेला दगडी कोळसा. हिवाळ्यातील पश्चिमी वाऱ्यांनी त्याची राख येथवर आणली. जस्ताचा काही भाग जमीन मोकळी करण्यासाठी पेटविलेल्या जंगलांचाही असावा. ही तारीख आम्हांस विलक्षण वाटते. जनरल लेक याने शिंद्यांच्या फौजेचा पाडाव केला तो ११ सप्टेंबर १८०३ रोजी, पटपडगंजच्या लढाईत. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आजच्या नोएडात उभा आहे. इंग्रजी पलटणी यमुना उतरून दिल्लीत येण्यापूर्वी वीसएक वर्षे विलायतेच्या भट्ट्यांचा धूर हिमालयाच्या माथ्यावर पोहोचला होता, आणि ह्या आगमनाची वर्दी कोणत्याही वकिलाला मिळाली नव्हती.

पुढचा मजकूर आपल्याच घरचा आहे. दिल्लीत आगगाडी आली १८६७ साली, आणि तिच्यासोबत दगडी कोळसा आला. राजधानी येथे आणल्याची घोषणा १९११ची, नव्या दिल्लीचे उद्घाटन १९३१चे. दासुओपुच्या बर्फात विसाव्या शतकात धूळ चौपट आणि क्लोराइड दुप्पट झाले. वाऱ्याच्या दिशेने पाहता ही भर हिंदुस्थान व नेपाळमधील मनुष्यव्यवहाराची आहे, असे थॉम्पसन ह्यांनी लिहिले. सल्फेट १९३०नंतर अधिक वेगाने चढत गेले आणि ती चढण दक्षिण आशियात जाळल्या गेलेल्या कोळशाशी जुळते. स्वातंत्र्यानंतर यमुनेकाठी इंद्रप्रस्थ वीजकेंद्र उभे राहिले. पुढे १९७३ साली बदरपूर सुरू झाले, नव्वदीत दादरी आले. इंद्रप्रस्थाची भट्टी पुढे विझली. बदरपूर ऑक्टोबर २०१८ मध्ये कायमचे बंद झाले. ह्या विजेवर सचिवालये चालली, रुग्णालये चालली, आपल्या घरचे पंखे फिरले. तो धूर आपल्या सोयीचा धूर आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

दिल्लीचा धूर पर्वतावर चढतो कसा, असा प्रश्न साहजिक आहे. हिवाळ्यात तो चढत नाही. तेव्हा जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचे झाकण काही शे मीटरांवरच बसते आणि धूर खाली कोंडतो. त्याच धुक्यात खोकत आपण कचेरी गाठतो, तेव्हा वरचे शिखर स्वच्छ उन्हात असते. वैशाख-ज्येष्ठात मात्र तापलेल्या मैदानाची हवा चार-पाच किलोमीटरांपर्यंत उचलली जाते आणि दुपारचे दरीतील वारे ती हिमरेषेपर्यंत नेतात. एव्हरेस्टच्या पायथ्याशी ५,०७९ मीटरांवर असलेल्या वेधशाळेत मॉन्सूनपूर्व महिन्यांत काजळीच्या अशा लाटा मोजल्या गेल्या आहेत. ह्यात एकट्या दिल्लीचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. लाहोरपासून ढाक्यापर्यंतचे मैदान तेथे एकाच पंगतीला बसलेले असते. थरच्या वाळवंटाची चुनखडी धूळ पुष्कळसे आम्ल मारते, म्हणून आपल्याकडचे हिम युरोपातल्यासारखे तीव्र आम्ल नाही, हेही खरे. ह्या द्रव्यांचे प्रमाण सूक्ष्म आहे. यमुनोत्रीचे पाणी त्याने विषारी झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र काजळीचा अब्जांशही हिमाची ऊन परतविण्याची शक्ती घटवितो, आणि वितळणे लवकर सुरू होते. धुराचा हा परिणाम दप्तराच्या मजकुरावर थांबत नाही, कागदालाच लागतो.

आपले वाचक बहुतांशी सरकारी अंमलाशी संबंधित असल्यामुळे, कागदोपत्री काय झाले तेही येथे नमूद करणे अवश्य आहे. हवेच्या प्रदूषणाचा कायदा १९८१ साली झाला. कोळशाच्या वीजकेंद्रांनी सल्फर डायऑक्साइड किती सोडावा, ह्याची मर्यादा मात्र डिसेंबर २०१५च्या अधिसूचनेने प्रथम घातली गेली आणि दोन वर्षांची मुदत दिली गेली. पुढे मुदती वाढत गेल्या. जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतेक केंद्रांना धुरातून गंधकवायू काढणारी यंत्रे बसविण्यापासून सूट मिळाली. राजधानी परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरे ह्यांच्या दहा किलोमीटरांच्या आतील केंद्रांना बंधन राहिले. सूट देण्यामागील युक्तिवाद असा की, आपल्या कोळशात गंधक कमी आहे आणि शहरांच्या हवेत हा वायू मर्यादेत मोजला जातो. पहिला मुद्दा खरा आहे. दुसऱ्याविषयी एवढेच म्हणता येईल की, हा वायू वायुरूपात फार दिवस राहत नाही. वाटेत त्याचे सल्फेट होते आणि ते शेकडो मैल जाते. दहा किलोमीटरांचे वर्तुळ नकाशावर काढता येते, वाऱ्याला ते दिसत नाही. मोजणारे यंत्र जेथे नाही, तेथे हिम मोजीत असते.

आणि येथेच खरी चिंतेची बाब येते. मानसरोवराच्या दक्षिणेस गुर्ला मांधाता हे शिखर आहे. कैलासयात्रेकरूंच्या ते ओळखीचे आहे; तिबेटी लोक त्यास नैमोनानी म्हणतात. त्याच्या हिमनदीवर सुमारे ६,०५० मीटर उंचीवर २००६ साली असाच स्तंभ काढण्यात आला. जगातील बर्फाच्या स्तंभांत एक खूण हमखास सापडते: १९५१-५२ आणि १९६२-६३ ह्या वर्षांच्या अणुस्फोटांची किरणोत्सारी राख. वर्षे मोजणारा तिच्यावर बोट ठेवून पुढे जातो. गुर्ला मांधात्याच्या बर्फात ती खूण नव्हती. पहिल्या पंचवार्षिक योजनांच्या काळापासून पुढे तेथे साचलेले सारे हिम वितळून गेले होते. कोणी पान फाडले नव्हते. वरून पाने गळत गेली होती. भाक्रा-नांगल बांधले जात असताना, दिल्लीत नवी मंत्रालये उठत असताना त्या शिखरावर जे लिहिले गेले, ते आता कोणाला वाचता येणार नाही.

उपाय म्हणून जे चालले आहे, त्यात गोव्याचे नाव येते, ही आम्हांला समाधानाची गोष्ट वाटते. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे स्तंभ उणे वीस अंशांच्या कोठीत जपून ठेवले आहेत. त्याच संस्थेने २०१६ साली हिमाचल प्रदेशात स्पितीमध्ये, साडेतेरा हजार फुटांहून उंचावर, 'हिमांश' नावाचे ठाणे उघडले. तेथे चंद्रा नदीच्या खोऱ्यातील हिमनद्यांची घट आणि हिमाचे घटक मोजले जातात. समुद्रकाठच्या दमट हवेत हिमाची पाने सांभाळणारी माणसे ही राजवाड्यांच्याच जातीची होत. राजवाड्यांच्या काळी वाड्यांच्या माळ्यांवर वाळवी लागली होती आणि घरोघर रद्दी बंबात जात होती. कागद वाचविण्याची घाई त्यांनी केली नसती, तर हिंगण्यांच्या काळाविषयी आपण आज अंदाजच बांधीत बसलो असतो.

दोहोंत फरक आहे तो इतकाच की, जुना कागद पुणे-साताऱ्याच्या वाड्यात न मिळाला, तर त्याची नक्कल इंदुरास, ग्वाल्हेरीस वा दिल्लीस मिळण्याची आशा असे. हिमाच्या थराची दुसरी प्रत नसते. ज्या कारणाने हे दप्तर नासते आहे, ते कारण त्याच दप्तरात वर्षवार लिहिलेले आहे. ते वाचून अंमलबजावणी करावयाची की पाने गळून पुरावाच नाहीसा होईपर्यंत मुदती वाढवीत राहावयाचे, ह्याचा निर्णय ज्या टेबलांवर होणार, त्यांपैकी काहींमागे आपले वाचकही बसत असतील. येत्या वैशाखात दिल्लीची हवा पुन्हा वर उचलली जाईल आणि ह्या वर्षीची नोंद होईल.